बिबट्याची ऊब

काचेच्या पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

पेटीची डावी बाजू नेहमी कोमट असायची. तिच्या तळाशी विजेवर तापणारी पातळ चटई होती. सकाळी उठल्या उठल्या तिथे तळहात टेकवायची मला सवय लागली होती. त्या दिवशी काच दगडासारखी गार लागली. चटईचा लाल दिवा विझलेला होता. आतल्या छोट्या तापमापकावर अकराचा आकडा दिसत होता.

"बिबट्या," मी हाक मारली.

तो खापरीखाली होता. खापरी उचलली की एरवी तो मान वळवून रागानं बघायचा. आज हलला नाही. मी त्याला बोटांनी उचललं तर चारही पाय तसेच ताठ राहिले. डोळे मिटलेले. हातात गारगोटी धरल्यासारखं वाटलं.

बिबट्या म्हणजे पाल. भिंतीवरची नव्हे, वाळवंटातली. लेपर्ड गेको म्हणतात तिला. वीतभर लांब, पिवळ्या अंगावर काळे ठिपके, गाजरासारखी जाड शेपूट. समाधाननं, माझ्या नवऱ्यानं, लग्नाच्या आधी पुण्याच्या एका मित्राकडून तो आणला होता. आमच्या निफाडकडे उसात खरे बिबटे निघतात. "मग आपल्या घरात एक असू दे की," असं म्हणून त्यानं हे नाव ठेवलं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्या खोलीत पाऊल टाकायलाही घाबरायची. समाधान माझा हात धरून काचेवर ठेवायचा.

"त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, कांचन. आपण देऊ तेवढीच. पोटाखाली ऊब असली तरच खाल्लेलं पचतं. नाहीतर ते आत सडतं आणि तो मरतो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी समाधानची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. तेव्हापासून पेटीतल्या अळ्या, पाणी, वाळू सगळं मी बघत होते. आणि आदल्या संध्याकाळी बिबट्यानं पोटभर खाल्लं होतं.

मी त्याला घेऊन बाहेरच्या खोलीत धावले. माझा भाऊ संपतदादा गोधडी पांघरून कॉटवर बसला होता. तो आदल्या दिवशी संगमनेरहून मला न्यायला आला होता. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. माझ्या दोन बॅगा दाराशी बांधून ठेवल्या होत्या. नाशिकहून भाड्याची गाडी दहाला यायची होती.

"दादा, लाईट कधी गेली?"

"रात्रीच कधीतरी. शेजारचे सांगत होते डीपी जळाली. सगळ्यांनी द्राक्षांना पाणी द्यायला मोटारी एकदम लावल्या असतील. दुपारपर्यंत काही येत नाही म्हणे."

घरात इन्व्हर्टर होता. पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं काम समाधानचं होतं, आणि दिवाळीपासून इन्व्हर्टर बंदच होता.

"हातात काय आहे?" दादानं विचारलं. मग बघितलं. "गेलं का ते?"

"नाही," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं, तरी म्हणाले.

मी त्याला स्वेटरच्या आत, छातीशी धरलं. माझंच अंग थंडीनं आणि भीतीनं गार पडलं होतं. बाहेर धुकं असं दाटलं होतं की अंगणातला हापसा दिसत नव्हता. थंडीनं द्राक्षं करपू नयेत म्हणून मळ्यामळ्यात लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. त्यांचा धूर धुक्यात मिसळून घरात येत होता. ऊन पडायला किती वेळ लागेल काही सांगता येत नव्हतं.

कपाटात रबराची गरम पाण्याची पिशवी होती. मी गॅसवर पाणी तापवलं, पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि बुटाच्या खोक्यात ठेवून तिच्यावर बिबट्याला निजवलं. वरून दुसरा टॉवेल टाकला. खोक्याशी गुडघे टेकून बसले. दादा मागे येऊन उभा राहिला.

"कांचन, चहा तरी घे."

"नको."

"अगं, आवरायचंय तुला अजून."

मी टॉवेल उचलून बघितलं आणि मला ओरडावंसं वाटलं. पिशवी मानेपाशी चिरलेली होती. पाणी झिरपून टॉवेल भिजला होता, खोक्याचा तळ भिजला होता, आणि बिबट्या त्या पाण्यात पालथा पडला होता. मी त्याला उचलून ओढणीनं पुसायला लागले. पुसताना त्याचं डोकं एका बाजूला लोंबलं. ओल्या अंगाला हवा लागून तो आणखी गार होत होता.

"आता मी काय करू?" मी दादाला म्हणाले. "दादा, सांग ना, काय करू मी?"

तो खाली बसला. माझा भाऊ वाईट नव्हता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, एक सांगू? आपण तिथं दुसरा आणू. मी स्वतः पुण्याला जाईन."

त्याच्यापेक्षा मी लहान. मला ताई तो फक्त रडू आवरायला म्हणायचा. मी त्याचा हात झटकून उठले. मला एकच गोष्ट सुचली, विस्तव. आंघोळीचं पाणी तापवायचा बंब मागच्या पडवीत असायचा आणि तो पेटवल्याचा वास येत होता. तिथे सासूबाई असणार, हेही मला माहीत होतं.

सासूबाईंशी माझं त्या चार महिन्यांत कामापुरतं बोलणं होतं. दहाव्याला घाटावरून परत आल्यावर त्या पेटीच्या खोलीच्या दारात थांबल्या होत्या. आत बघून म्हणाल्या होत्या, "माणूस गेला अन् पाल राहिली." त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाय ठेवला नाही. मी आत असले की त्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायच्या. त्यांना माझं तोंडही बघवत नाही, अशी मी समजूत करून घेतली होती. म्हणून तर माहेरचा निरोप आल्यावर मी लगेच हो म्हटलं होतं.

सासूबाई बंबासमोर पाटावर बसून तुराट्या सारत होत्या. मी त्यांच्या बाजूनं जाऊन विस्तवापाशी बसले आणि तळहातावरचा बिबट्या जाळासमोर धरला. माझी बोटं पोळत होती. मी हात आणखी पुढे केला.

"काय धरलंय?"

मी तळहात थोडा वळवून दाखवला.

"मेली का ती?"

"आई, नका ना असं बोलू," मी म्हणाले. "गार पडलाय तो. रात्री जेवलाय. ऊब नाही मिळाली तर पोटातलं सडेल त्याच्या. मला कळत नाहीये काय करू. नका बोलू काही."

त्या पाटावरून उठल्या. मला वाटलं, निघून जातील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात जाळापासून जोरात मागे ओढला.

"आगीपुढं धरतात का? वरून भाजंल अन् आतून गारच राहील. दे इकडं."

मी बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला होता.

"दे म्हणते ना."

मी बिबट्याला त्यांच्या ओंजळीत ठेवलं. क्षणभर त्यांची बोटं आखडली. मग त्यांनी ओंजळ मिटली, पदराखाली घेतली आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागल्या. जाता जाता म्हणाल्या, "सरबताच्या रिकाम्या बाटल्या आण माळ्यावरून. काचेच्या. बुचं घट्ट बसणाऱ्या बघ."

मी स्टुलावर चढून बाटल्या काढल्या. खाली आले तेव्हा त्यांनी भाकरीची वेताची टोपली रिकामी केली होती. तळाशी त्यांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं चौघडी करून घातलं होतं. देवघरातला वातींचा कापूस पिंजून त्याचा खळगा केला होता. बिबट्या त्या कापसात होता. फक्त नाकाचं टोक उघडं.

"बंबातलं पाणी आण. त्यात गार घाल थोडं."

मी आणलेलं पाणी त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलं. "जास्त आहे," म्हणाल्या. आणखी थोडं गार घातलं. परत बघितलं. मग बाटल्या भरल्या, प्रत्येकीला फडकं गुंडाळलं, आणि दोन टोपलीत दोन्ही अंगांना, एक पायथ्याशी, अशा ठेवल्या. डोक्याकडची बाजू मोकळी सोडली.

"तिथं नको?" मी विचारलं.

"श्वास घ्यायला गार हवा लागती."

मी पळत जाऊन पेटीतला तापमापक काढून आणला आणि त्याची तार कापसात सरकवली. आकडा सतरावर होता. आम्ही दोघी टोपलीच्या दोन बाजूंना बसलो. आकडा सावकाश चढू लागला. वीस. बावीस. चोवीसवर तो थांबला आणि मग एकानं उतरला.

"आई, उतरतोय."

"बाटली निवली ही. बदल. सगळ्या एकदम नको, एक निवली की एक. सगळ्या बदलल्या तर मधी गार पडंल."

मी बंबापाशी जायची, भरून आणायची, त्या कोपराला लावून बघायच्या, कधी मान हलवायच्या, कधी परत पाठवायच्या. माझ्या ओढणीचं टोक भिजून पायाला चिकटत होतं. आकडा सव्वीसवर गेला, मग अठ्ठावीस, मग तीस. मी बोट घालून बघितलं. बिबट्याचं अंग आता गार नव्हतं. पण तो हलतही नव्हता. समाधाननं उबेबद्दल सांगितलेलं मला आठवत होतं. मेलेलं अंगही बाटल्यांनी गरम होतं, हे मात्र कुणी सांगायची गरज नव्हती.

"श्वास चाललाय का, आई?"

त्यांनी कापसाचा एक तंतू काढून त्याच्या नाकासमोर धरला. आम्ही दोघींनी आपापला श्वास रोखला. तंतू हलल्यासारखा वाटला. मला खात्री नव्हती. त्यांनी तंतू बाजूला ठेवला आणि परत पायथ्याच्या बाटलीला हात लावला.

अंगणात हॉर्न वाजला.

दादा दारात आला. "कांचन, गाडी आली. ड्रायव्हरला दुपारच्या आत दुसरं भाडं आहे. चल."

"थोडं थांब दादा."

"किती थांबायचं? धुक्यात रस्ता कसा आहे माहितीये ना तुला?" त्यानं टोपलीत वाकून बघितलं. "अगं, संपलंय ते. बघ तरी. मेलेल्या पालीपायी इथं..." तो सासूबाईंकडे वळला. "मावशी, तुम्ही तरी सांगा हिला."

सासूबाईंनी मान वर केली नाही.

"पाहुणं, ही बाटली निवली. तेवढं बंबातलं पाणी आणा. अन् दोन तुराट्या सारा आत."

दादा तसाच उभा राहिला. मग त्यानं बाटली घेतली आणि मागच्या दारानं गेला. थोड्या वेळानं हॉर्न परत वाजला. पडवीतून दादाचा आवाज आला, "थांब रे बाबा, दम धर!"

आम्ही दोघीच होतो. सासूबाई दोन बोटांनी कापूस नीट करत होत्या. करता करता, माझ्याकडे न बघता, बोलायला लागल्या.

"सातव्या महिन्यात झाला होता."

मला आधी कळलं नाही.

"समाधान. संक्रांतीच्या आधी. असलीच थंडी होती. डॉक्टर म्हणले, नाशिकला पेटीत ठेवावं लागंल. ह्याचे वडील गाडी बघायला गेले ते दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा कुठं होत्या गाड्या. तवर कसं करायचं? ओंजळीत मावायचा. रडायचा पण नाही. हे असंच." त्यांनी टोपलीकडे हनुवटी हलवली. "डोळे मिटलेले. कातडी अशी पातळ, आतलं दिसायचं. बायका बघायला यायच्या अन् बाहेर जाऊन कुजबुजायच्या. माझी सासू म्हणली, जीव लावू नको. मी म्हणलं, बाटल्या द्या मला."

त्यांनी उजवीकडच्या बाटलीला हात लावून बघितला.

"नाशिकला नेलाच नाही मग. हलवला असता तर गेला असता. ह्याच टोपलीएवढ्या टोपलीत होता, माझ्या पोटाशी. सव्वा महिना पाठ टेकली नाही मी. डोळा लागला अन् बाटली निवली तर, ह्या भीतीनं बसून राहायची. एकदा लागलाच डोळा. जाग आली तर निळा पडलेला. मी त्याला चोळला, फुंकर घातली, शिव्या दिल्या. मग रडला. पहिल्यांदा रडला तेव्हा."

मागे दादा भरलेली बाटली घेऊन उभा होता. पुढे यायचं त्याला सुचत नव्हतं.

"एवढं करून जगवला होता गं मी त्याला," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं दादाकडून बाटली घेतली, कोपराला लावली, फडकं गुंडाळलं आणि जागेवर ठेवली.

तेव्हाच कापूस हलला.

बिबट्याचं अंग मधोमध आक्रसलं. तोंड उघडलं. मग परत आक्रसलं, आणि त्यानं रात्री खाल्लेल्या अळ्या एकामागून एक कापसावर ओकून टाकल्या.

"गेला, गेला," दादा म्हणाला.

"नाही!" मी ओरडले. "पडू दे. पडू दे बाहेर. तेच मारणार होतं त्याला."

सासूबाईंनी कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवला, पिळला आणि त्याच्या तोंडाच्या कडा टिपल्या. आधी एक बाजू, मग दुसरी. घाण झालेला कापूस काढून नवा घातला. बिबट्याच्या गळ्याची कातडी वरखाली व्हायला लागली. मग त्यानं एक डोळा उघडला. बराच वेळ तो एकच डोळा. मग दुसरा. मग त्यानं दोन्ही मिटले आणि परत उघडले.

"पापण्या हायेत याला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा टोपलीच्या अगदी जवळ होता. "पालीला नसतात."

"याला असतात," मी म्हणाले.

दादा बाहेर गेला. ड्रायव्हरशी त्याची थोडी बाचाबाची ऐकू आली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि दादा एकटाच परत आला. दाराशी बांधून ठेवलेल्या माझ्या बॅगांपैकी एकीवर तो बसला आणि म्हणाला, "मी संध्याकाळच्या एसटीनं जाईन. तुझं तू मग कळव." सासूबाईंनी त्याला चहा करून दिला. चहा ओतताना निम्मा बशीत सांडला, तरी त्यांचं लक्ष टोपलीकडेच होतं.

ऊन पडायला दुपार झाली आणि वीज त्यानंतर आली. चटईचा दिवा लागल्यावर मी टोपली उचलून आतल्या खोलीत नेली. सासूबाई मागोमाग आल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या, आणि मग आत आल्या. मी बिबट्याला पेटीत सोडलं. तो पोट घासत घासत उबेच्या बाजूला गेला आणि तिथे पसरला. सासूबाईंनी काचेवर तळहात ठेवला, इथे तिथे सरकवून बघितला. मग समाधानच्या पलंगावर टेकल्या. त्याच्या उशीवर हात फिरवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पाण्याची वाटी धुवायला म्हणून बाहेर आले. परत गेले तर त्या कुशीवर झोपल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन. चार महिन्यांत मी त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या अंगावर गोधडी घातली. दिवेलागणीपर्यंत त्या उठल्या नाहीत.

मी गुढीपाडव्यापर्यंत तिथेच राहिले. या मधल्या दिवसांत सासूबाईंनी चिमट्यानं अळ्या द्यायला शिकून घेतलं, तापमापकाचे आकडे वाचायला शिकून घेतलं. पहिल्यांदा बिबट्यानं त्यांच्या चिमट्यातली अळी घेतली तेव्हा त्या दचकून मागे सरकल्या आणि हसल्या. आम्ही दोघी समाधानबद्दल बोलायला लागलो. रोज नाही. कधीतरी, निवडणं टिपणं करताना.

संगमनेरला एका शाळेत मला पाडव्याच्या सुमाराला नोकरी मिळाली. मी ती नको म्हणणार होते. सासूबाईंना तसं सांगितलंही. त्या ऐकून घेऊन उठल्या आणि कपाटावरच्या माझ्या बॅगा काढून त्यांची धूळ पुसायला लागल्या. जायच्या दिवशी त्या स्टँडपर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी त्यांना परत विचारलं, बिबट्याला मी नेऊ का, तुम्हाला एकटीला किती करावं लागेल, थंडीत पुन्हा वीज गेली तर.

एसटी लागली. त्यांनी माझी बॅग कंडक्टरच्या आधी स्वतः उचलून आत ढकलली, आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "त्याचं मी बघते. तू आता तुझं बघ."